सल्फर डायऑक्साइडचा आकडा पाहून चंद्रपूरचा निर्णय करू नका

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
औष्णिक वीज प्रकल्पांसाठीची तज्ज्ञ मूल्यमापन समिती,
पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय,
नवी दिल्ली

महोदय, महोदया,

11 जुलै 2025 च्या अधिसूचनेने देशातल्या कोळशावरच्या वीज केंद्रांचे तीन गट झाले. राजधानी परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरं यांच्या दहा किलोमीटरच्या आतली केंद्रं ‘अ’ गटात. त्यांना धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, 2027 च्या अखेरीपर्यंत बसवावीच लागणार आहे. अतिप्रदूषित क्षेत्रं आणि हवेचे निकष न गाठलेली शहरं यांच्या जवळची केंद्रं ‘ब’ गटात. उरलेली सगळी ‘क’ गटात, आणि त्यांना सूट. देशातली सुमारे 78 टक्के क्षमता या एका फटक्यात मोकळी झाली. ‘ब’ गटाचं काय करायचं हे मात्र सरकारने ठरवलं नाही. एकेक प्रकरण पाहून तुमच्या समितीने सांगायचं आहे.

चंद्रपूर ‘ब’ गटात दोन्ही कारणांनी बसतं. आमचा परिसर अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत आहे आणि आमचं शहर निकष न गाठलेल्या शहरांच्याही यादीत आहे. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तुमच्यापुढे जो प्रश्न आहे त्यातला महत्त्वाचा भाग अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रातला आहे, म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आम्ही सीटीपीएसच्या विरोधात नाही. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राला इथे कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, सगळे सीटीपीएसच म्हणतात. 1983 मध्ये पहिला संच सुरू झाला, तेव्हापासून या गावाची चूल त्यावर पेटते. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांचे वडील सीटीपीएसमध्ये कायम नाहीतर कंत्राटी कामगार आहेत, कितीतरी जणांचे वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, खाणींत. जुने दोन संच बंद झाल्यावर आज केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे. ती वीज चंद्रपूरपुरती नाही. इथून निघालेली उच्चदाबाची एकदिश वाहिनी 752 किलोमीटर जाऊन ठाणे जिल्ह्यात पडघ्याला पोचते आणि एकटी ती 1500 मेगावॉट वाहून नेऊ शकते. मुंबईतल्या आणि पुण्यातल्या घरांमध्ये दिवे लागावेत हे आम्हालाही हवं आहे. वीज तिकडे पोचते, धूर इथे राहतो, एवढंच आम्ही सांगतो आहोत, आणि त्या धुराचं काय करायचं याचं उत्तर मागतो आहोत.

आता मुद्दा. 7 डिसेंबर 2015 ला मंत्रालयाने औष्णिक केंद्रांच्या धुराड्यांतून किती सल्फर डायऑक्साइड बाहेर पडू द्यायचा याची मर्यादा पहिल्यांदा घालून दिली. जुन्या 500 मेगावॉटच्या संचांसाठी ती एका घनमीटर धुरात 200 मिलिग्रॅम होती, लहान जुन्या संचांसाठी 600. मुदत होती दोन वर्षं, म्हणजे डिसेंबर 2017. मग 2022 झालं. मग 2021 मध्ये गट पाडून 2024 पर्यंत, 2022 मध्ये 2026 पर्यंत, डिसेंबर 2024 मध्ये 2029 पर्यंत. आणि जुलै 2025 मध्ये बहुतेकांना सूटच. 2015 साली आमच्याकडे जी मुलं पहिलीत होती ती आता माझ्या अकरावी-बारावीच्या वर्गात पोचली. त्यांचं सगळं शालेय आयुष्य मुदतवाढीत गेलं.

सूट देण्यामागे जे कारण सांगितलं गेलं ते मी प्रामाणिकपणे समजून घेतलं आहे. भारतीय कोळशात गंधक कमी असतो. धुराडी उंच आहेत, त्यामुळे वायू पसरून विरळ होतो. देशभर बहुतेक ठिकाणी हवेतला सल्फर डायऑक्साइड 24 तासांच्या 80 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेखालीच आढळतो. मग एवढा खर्च कशाला?

चंद्रपूरच्या मोजमाप केंद्रांवरही सल्फर डायऑक्साइड सहसा मर्यादेच्या आत असतो, हे मी नाकारत नाही. मी मुलांना तो आकडा दाखवते आणि विचारते, मग वायू गेला कुठे? धुराड्यातून तर निघाला. एखादं हुशार पोर उत्तर देतं, आणि ते उत्तर बरोबर असतं. त्याचं रूप बदललं.

सल्फर डायऑक्साइड हवेत फार काळ सल्फर डायऑक्साइड म्हणून राहत नाही. काही तासांत, काही दिवसांत ऑक्सिडीकरण होऊन त्याचं सल्फ्युरिक आम्ल बनतं. हवेत अमोनिया असतोच. शेतात टाकलेल्या युरियातून येतो, शेणामुतातून येतो. त्याच्याशी संयोग होऊन अमोनियम सल्फेट तयार होतं, आणि ते वायू नसतं, घन कण असतो. एक मायक्रॉनपेक्षाही लहान. अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण मोजणाऱ्या पीएम 2.5 नावाच्या आकड्यात हाच कण बसतो. म्हणजे धुराड्याच्या तोंडाशी जो वायू होता तो आमच्या नाकापर्यंत येईतो धूळ झालेला असतो. सल्फर डायऑक्साइड मोजणारं यंत्र त्याला ओळखतच नाही. ते यंत्र खरं सांगतं, पण त्याला आपण भलताच प्रश्न विचारतो आहोत.

आणखी एक साधा हिशेब. सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार 64, अमोनियम सल्फेटचा 132. एक टन वायूचं पूर्ण रूपांतर झालं तर दोन टनांहून थोडे जास्त कण तयार होतात. कोळशात अर्धा टक्का गंधक धरू, भारतीय कोळशासाठी हा आकडा कोणी जास्त म्हणणार नाही. हजार टन कोळशात पाच टन गंधक, त्याचा दहा टन सल्फर डायऑक्साइड. एका युनिट विजेला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो. 2920 मेगावॉटचं केंद्र दोनतृतीयांश क्षमतेने चाललं तरी रोजचा कोळसा तीस हजार टनांच्या घरात जातो. म्हणजे रोज सुमारे तीनशे टन सल्फर डायऑक्साइड. सगळ्याचं सल्फेट होत नाही, काही जमिनीवर आणि झाडांवर बसतो, काही पावसाने धुतला जातो. पण निम्म्याचं झालं तरी रोज तीनशे टन बारीक कण. आमच्याकडच्या धुराड्यांना राख पकडणारी इलेक्ट्रोस्टॅटिक यंत्रणा आहे. तिने कितीही चांगलं काम केलं तरी ती घन राखच पकडते. वायू तिच्यातून सरळ निघून जातो आणि बाहेर जाऊन कण होतो. त्याला अडवायची जागा एकच, धुराड्याच्या आधी.

उंच धुराड्याचा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो. 275 मीटर उंचीवरून सोडलेला वायू केंद्राच्या फाटकाशी उतरत नाही, हे खरं. पण उंची वायूला वेळ देते, आणि वेळच तर त्याला कण व्हायला हवा असतो. तो मग नागपूर, यवतमाळ, गडचिरोली, वर्धा नदीपलीकडचा तेलंगण, कुठेही उतरतो. केंद्र शहराच्या उत्तरेला आहे. हिवाळ्यात वारा उत्तर-ईशान्येकडून येतो आणि रात्री थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो, तेव्हा आमच्या वाट्याला काय येतं ते पाहायला डिसेंबर-जानेवारीत पहाटे तुकूम किंवा दुर्गापूरला या.

इथे मला तुमच्या मंत्रालयाचेच दोन कागद शेजारी ठेवायचे आहेत. जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. चंद्रपूर त्यात आहे, कारण इथली धूळ निकषाबाहेर आहे. 2025-26 पर्यंत धुळीचे कण 40 टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट ठरलं आणि त्यासाठी शहरांना निधी दिला गेला. तो बहुतांशी रस्त्यावरची धूळ आवरण्यावर गेला. रस्ता झाडणं आवश्यकच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण झाडूने गोळा होते ती जाड धूळ. सल्फेटचा कण झाडूला लागत नाही आणि कारंज्याच्या तुषारांनी बसत नाही. एक कागद सांगतो की चंद्रपूरचे कण कमी करा. दुसरा कागद त्या कणांचा एक मोठा उगम खुला सोडायची वाट करून देतो, कारण तो मोजताना दुसऱ्या नावाने मोजला जातो. या दोन कागदांचा मेळ घालण्याचा अधिकार आज तुमच्याकडे आहे.

हे नवं दुखणं नाही. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला 83.88 मिळाले. सत्तरच्या वर गेलं की अतिप्रदूषित. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादनंतर चौथा क्रमांक आमचा होता. जानेवारी 2010 मध्ये नव्या उद्योगांवर बंदी आली, कृती आराखडे झाले, बंदी उठली, आणि नंतर 500 मेगावॉटचे दोन नवे संच सुरूही झाले.

आरोग्याबद्दल मी डॉक्टरच्या अधिकाराने बोलू शकत नाही. बारीक कण फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात, तिथून रक्तात उतरतात, दम्यापासून पक्षाघात आणि हृदयविकारापर्यंत त्यांचा संबंध आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5 ची वर्षाची सुरक्षित पातळी 5 मायक्रोग्रॅमवर आणली. आपला निकष अजून 40 आहे, आणि तेवढाही गाठणं जड जातं. मी जे पाहते ते वर्गातलं. दप्तरात दम्याचा पंप असणाऱ्या मुली. पूर्वी पंप लपवून ठेवायच्या, आता बाकावर पाण्याच्या बाटलीशेजारी उभा असतो, कारण शेजारणीकडेही असतो. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत टिकणारा खोकला इथे आजार समजला जात नाही. कोणी त्यासाठी रजा मागत नाही. ‘हवा बदलायला’ मामाकडे पाठवलेलं पोर तिकडे आठवड्यात बरं होतं आणि परत आलं की पुन्हा सुरू होतं, हे तर आयांच्या बोलण्यात इतक्यांदा येतं की मी मोजणं सोडलं आहे.

खिडक्या बंद ठेवा, असा सल्ला इशारा-पत्रकांत असतो. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला माहीत असेल. मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो. इथे घरोघरी कूलर आहे, आणि कूलर चालायचा तर खिडकी उघडी लागते. तो बाहेरची हवाच ओढून अंथरुणावर सोडतो. मोसमाच्या शेवटी ताट्या काढल्या की हाताला काळं लागतं. ज्यांच्याकडे एसी आहे आणि हवा गाळायचं यंत्र आहे ते थोडे आहेत. बाबूपेठ-लालपेठच्या वस्त्यांमध्ये ना हे ना ते.

मी एकट्या सीटीपीएसवर सगळं ढकलत नाही. तसं केलं तर मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते त्याच्याशी बेइमानी होईल. शहराला खाणींचा वेढा आहे. दुर्गापूर, पद्मापूर, भटाळी, लालपेठ, पलीकडे बल्लारपूर आणि सास्ती. ताडपत्री नीट न बांधलेले कोळशाचे ट्रक आहेत. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत, स्पंज आयर्न आहे. आणि गरीब वस्त्यांमध्ये सिगडी आहे, दगडी कोळशाची. संध्याकाळी तिचा धूर गल्लीत उतरतो, आणि तो सगळ्यात जास्त सोसते ती सिगडी पेटवणारी बाई. गॅसचं सिलिंडर परवडत नाही तोवर ती विझणार नाही. एफजीडी बसवल्यावर चंद्रपूर दुसऱ्या दिवशी स्वच्छ होईल असा माझा दावा नाही. पण बाकीचे उगम हजार ठिकाणी विखुरलेले आहेत. हा एका फाटकाच्या आत आहे, एका सरकारी कंपनीच्या ताब्यात आहे, आणि त्यावरचा इलाज जगभर वापरून झालेला आहे. जे हाताशी आहे ते आधी करावं.

आणि हा इलाज चंद्रपूरइतका सोपा फार थोड्या ठिकाणी असेल. ओल्या पद्धतीच्या एफजीडीला लागते चुनखडी. धुरावर चुनखडीचं पाणी फवारतात, गंधक तिला चिकटतो आणि जिप्सम तयार होतं. देशातल्या कित्येक केंद्रांना चुनखडी लांबून आणावी लागेल आणि तयार झालेलं जिप्सम कुठे टाकायचं याची चिंता पडेल. आमच्या जिल्ह्यात कोरपना-राजुरा भाग चुनखडीवरच बसलेला आहे. म्हणून तर तिथे सिमेंटचे एवढे कारखाने आले. आणि सिमेंट लवकर आळू नये म्हणून क्लिंकर दळताना त्यात जिप्सम घालावंच लागतं, ते ही कारखानदारी विकत घेते. कच्चा माल जिल्ह्यात, गिऱ्हाईकही जिल्ह्यात. या अंतराचा, या वाहतुकीचा, या विक्रीचा हिशेब चंद्रपूरसाठी वेगळा मांडा. देशाच्या सरासरीने आमचा खर्च ठरवू नका. एकेक प्रकरण पाहायचं ठरलंच आहे तर ते असंच पाहायला हवं.

खर्चाचं बोलायचं तर सूट दिल्यामुळे युनिटमागे 25 ते 30 पैसे वाचतील असं सांगितलं गेलं. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला ते 25-30 रुपये होतात. माझ्या वर्गातल्या मुलीचा एक पंप त्यापेक्षा कितीतरी महाग येतो. हे पैसे वाचलेले नाहीत, ते वीजबिलातून काढून औषधाच्या बिलात टाकले आहेत, आणि वीजबिल साऱ्या महाराष्ट्राचं असलं तरी औषधाचं बिल आमच्या जिल्ह्याचं आहे.

आमच्याकडे ताडोबा लागून आहे. सीटीपीएसच्या आवारातसुद्धा वाघ फिरतो, तिथे माणसं गेली आहेत. वाघाने माणूस मारला की वनखातं येतं, पंचनामा होतो, घरच्यांना भरपाई मिळते, आणि तसं व्हायलाच हवं. हवेने मेलेल्या माणसाचा पंचनामा होत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिलेलं असतं. म्हणून आमच्याकडे दाखवायला आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून त्रास नाही असं गृहीत धरलं जातं.

तुमच्याकडे आमचं मागणं असं आहे. चंद्रपूरच्या केंद्राला सूट द्यायची की नाही हे हवेतल्या सल्फर डायऑक्साइडच्या पातळीवर ठरवू नका. पीएम 2.5 च्या नमुन्यांत सल्फेट किती आहे ते तपासून घ्या, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही, शहरात आणि वाऱ्याच्या दिशेने दूरवरही. हे अवघड काम नाही, गाळणीवरचा कण प्रयोगशाळेत नेऊन त्यातले आयन मोजायचे असतात. तो अहवाल हाती येईपर्यंत सूट देऊ नका, आणि अहवालाची वाट पाहण्याच्या नावाखाली एफजीडी लावायची ठरल्यास ‘ब’ गटाला असलेली डिसेंबर 2028 ची मुदतही पुढे ढकलू नका. निविदा आणि बांधकाम यांना वर्षं लागतात. आज सुरुवात झाली नाही तर ती तारीखही आधीच्या तारखांसारखीच जाईल.

धुराड्यावर बसवलेल्या यंत्रांचे आकडे प्रदूषण मंडळाकडे सतत जातात. तेच आकडे, संचवार, शहरातल्या चौकात फलकावर दिसू द्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला दुर्गापूर, ऊर्जानगर, घुग्घुस आणि लालपेठमध्ये श्वसनाच्या तपासण्या दरवर्षी करायला सांगा आणि त्याचा निधी केंद्राच्या खर्चात धरा. शाळकरी मुलांपासून सुरुवात करा. फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजायचं साधं यंत्र शाळेच्या वर्गातही वापरता येतं. आमचे विद्यार्थी नोंदी ठेवायला मदत करतील, याची हमी मी देते.

शेवटचं, तुमच्या कामकाजाबद्दल. समितीच्या बैठकांची इतिवृत्तं संकेतस्थळावर इंग्रजीत येतात. केंद्राच्या कुंपणालगत राहणाऱ्या माणसाला ती वाचता येत नाहीत आणि बैठकीत त्याचं कोणी ऐकत नाही. तिथे कंपनीचे अधिकारी आणि त्यांचे सल्लागार आपली बाजू मांडतात, तो त्यांचा हक्कच आहे. पण ज्यांच्या श्वासाचा प्रश्न आहे त्यांचं म्हणणंही कागदावर यायला हवं. चंद्रपूरचा विषय घेण्याआधी समितीने इथे यावं, शक्यतो जानेवारीत यावं, आणि एक दिवस लोकांचं मराठीतून ऐकावं. त्याची तारीख निदान पंधरा दिवस आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावावी आणि स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी. डॉक्टर येतील, खाणकामगार येतील, दुर्गापूरच्या बाया येतील. सीटीपीएसचे कामगारही येतील, कारण त्यांचीही मुलं इथेच शाळेत जातात. मी सल्फेटचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवायला तयार आहे, आणि त्यात चूक असेल तर ती तुम्ही सगळ्यांसमोर दाखवून द्यावी.

आपल्या उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
चंद्रपूरची एक रसायनशास्त्राची शिक्षिका